दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी दुर्बीण निवडताना

निवृत्तीनंतर मामांना पक्षी पाहण्याचा नाद लागला आणि तो टिकणारा आहे अशी खात्री पटल्यावर आम्ही भाचरांनी वर्गणी काढून त्यांना दुर्बीण भेट द्यायचे ठरवले. निवडीचे काम माझ्याकडे आले. जमलेली रक्कम बेताची होती. तिच्यात नामांकित दुर्बिणी बसण्यासारख्या नव्हत्या, पण खेळण्यातली वस्तू देऊन वेळ मारून न्यावी इतकी ती तोकडीही नव्हती. दुर्बिणींच्या बाजारात खरा गोंधळ या मधल्या पट्ट्यातच असतो, कारण येथे चांगली आणि सुमार दुर्बीण बाहेरून जवळजवळ सारखी दिसते, दोन्हींवर तेच आकडे छापलेले असतात आणि दोन्हींच्या खोक्यांवर तीच विशेषणे असतात. स्वतःसाठी घ्यायची असती तर डोळ्याला लावून जी बरी वाटेल ती उचलता आली असती. येथे डोळे मामांचे, हात मामांचे, मान मामांची, आणि तपासणारी मी. शिवाय त्यांना आधी काही कळू द्यायचे नव्हते. त्यामुळे दुर्बिणींची माहिती मिळवण्याआधी मामांची माहिती मिळवणे भाग पडले, आणि आता मागे वळून पाहता सगळ्या निवडीचा पाया त्याच माहितीने घातला असे म्हणावे लागेल.

या कटात मामी सहभागी झाल्या. त्यांनी मामांच्या चष्म्याच्या ताज्या चिठ्ठीचा फोटो पाठवला आणि त्यातून दोन उपयोगी गोष्टी हाती लागल्या. पहिली म्हणजे त्यांच्या दोन्ही डोळ्यांना बराच सिलिंड्रिकल नंबर आहे, म्हणजे डोळ्याची वक्रता सगळ्या दिशांना सारखी नसल्याने लागणारा नंबर. नुसता दूरचा किंवा जवळचा नंबर असेल, तर चष्मा काढून दुर्बीण लावता येते, कारण तेवढा फरक फोकसचे चाक आणि उजव्या नेत्रभिंगावरचे, म्हणजे दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या भिंगावरचे, डायॉप्टरचे कडे भरून काढतात. सिलिंड्रिकल नंबर मात्र कोणत्याही चाकाने भरून निघत नाही. म्हणजे मामांना चष्मा घालूनच पाहावे लागणार, हे नक्की झाले. दुसरी गोष्ट म्हणजे दोन बाहुल्यांमधले अंतर, जे चिठ्ठीवर पीडी म्हणून मिलिमीटरमध्ये लिहिलेले असते. त्यांचे ते अंतर सर्वसाधारण निघाले, त्यामुळे त्या बाबतीत चिंता उरली नाही. लहान मुलासाठी किंवा अरुंद चेहऱ्याच्या व्यक्तीसाठी भेट घेणाऱ्याने मात्र दुर्बिणीचे दोन नळे किती जवळ येऊ शकतात हे अवश्य पाहावे, कारण ते पुरेसे जवळ आले नाहीत तर दोन्ही डोळ्यांना मिळून एक चित्र दिसतच नाही.

बाकीची माहिती मामींच्या बोलण्यातून निघत गेली. मामांच्या हाताला किंचित कंप आहे, मान अधूनमधून दुखते, ते उजाडण्याच्या सुमारास तळ्याकाठी जातात, चालतात पुष्कळ, आणि झुडपातल्या पक्ष्यांइतकाच त्यांना फुलपाखरांचाही सोस आहे. या प्रत्येक वाक्याचे पुढे एकेका आकड्यात रूपांतर झाले.

दुर्बिणीवर ८×४२ असे लिहिलेले असते, त्यातला पहिला आकडा वस्तू किती पट जवळ दिसते ते सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. आमच्या भावंडांपैकी धाकट्याचा सगळा भर पहिल्या आकड्यावर होता. तेवढ्याच पैशांत वीस पट मोठे दाखवणारी दुर्बीण मिळत असताना आठ पटीची कशाला घ्यायची, हा त्याचा प्रश्न वरवर बिनतोड होता, आणि बाजारही याच प्रश्नावर चालतो. पण दुर्बीण पक्ष्याला जितके मोठे करते तितकेच हाताच्या कंपालाही मोठे करते. स्थिर हाताच्या माणसालाही दहा पटीपलीकडे चित्र थरथरताना जाणवते आणि वीस पटीची दुर्बीण तिपाईवाचून निरुपयोगी ठरते. मामांच्या हाताच्या बाबतीत तर दहा पटसुद्धा जास्त होते. आठ पटीत स्थिर दिसलेल्या पक्ष्याच्या पंखावरची रेघ ओळखता येते, ती बारा पटीत हलत्या चित्रात हरवते. शिवाय पटी वाढल्या की दिसणारा प्रदेश आक्रसतो. आठ पटीच्या चांगल्या दुर्बिणीतून साधारण साडेसात अंशांचे दृष्टिक्षेत्र मिळते, म्हणजे एक किलोमीटरवर सुमारे १३१ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. नवख्या माणसाची पहिली अडचण पक्षी लहान दिसतो ही नसते, तो दुर्बिणीत सापडतच नाही ही असते, आणि त्यावर रुंद क्षेत्र हाच उपाय आहे.

पटी कमीजास्त करता येणाऱ्या झूम दुर्बिणी मी पाहिल्या आणि लगेच बाजूला ठेवल्या. स्वस्त झूममध्ये कमी पटीलाही क्षेत्र अरुंद असते, दोन नळ्यांतल्या पटी एकसारख्या बदलतीलच याची शाश्वती नसते, आणि मोठी पट लावली की चित्र अंधूक व मऊ होते. फोकस करावाच लागत नाही अशी जाहिरात असलेल्या दुर्बिणींचाही विचार सोडला, कारण त्यांतून जवळचे स्पष्ट दिसत नाही आणि फुलपाखरे तर जवळच असतात. धाकटा मात्र शेवटपर्यंत पूर्ण पटला नाही, हेही नोंदवून ठेवते.

दुसऱ्या आकड्याचा निर्णय मामांच्या वयाने केला. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीने भागले की नेत्रभिंगातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या गोलाचा व्यास मिळतो. ८×४२ मध्ये तो ५.२५ मिलिमीटर असतो, ७×५० मध्ये सातच्या थोडा वर, आणि खिशात मावणाऱ्या १०×२५ मध्ये अवघा अडीच. डोळ्याची बाहुली भर उन्हात दोनतीन मिलिमीटर असते. काळोखात तरुण डोळ्यात ती सात मिलिमीटरपर्यंत उघडते, पण वय वाढते तसे हे उघडणे कमी होते आणि साठीनंतर ती बहुधा पाचच्या आसपास थांबते. म्हणजे ७×५० मधून येणारा बराचसा प्रकाश मामांच्या बाहुलीच्या बाहेरच पडणार आणि त्या प्रकाशासाठी वाहिलेले वजन तेवढे मानेवर राहणार. उलट १०×२५ भर दुपारी चालली असती, पण पहाटे तळ्याकाठी तिच्यातून काळोखच दिसला असता. त्यातून इतक्या बारीक गोलावर डोळा नेमका ठेवणे कंप असलेल्या हाताला जड जाते आणि चित्रावर काळ्या सावल्या सरकत राहतात. राहिल्या ८×३२ आणि ८×४२. पहिलीचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास, दुसरीचे सहाशे ते साडेसातशे ग्रॅम. भिंगाचे क्षेत्रफळ पाहिले तर बेचाळीसचे भिंग बत्तीसच्या पावणेदोन पट प्रकाश गोळा करते. मामींनी पहाटेचा मुद्दा ठासून सांगितला नसता तर मानेच्या दुखण्यामुळे मी बत्तीसकडे झुकले असते. पहाटेमुळे बेचाळीसवर शिक्कामोर्तब झाले आणि वजनाचा प्रश्न पट्ट्याने सोडवायचा असे मनाशी धरले.

यानंतर आली ती खरी कोंडी, आणि ती थोड्या पैशांत निवड करणाऱ्या प्रत्येकाला गाठते. दुर्बिणीत भिंगांनी उलटे झालेले चित्र सरळ करण्यासाठी लोलक बसवलेले असतात आणि ते बसवण्याच्या दोन रीती प्रचलित आहेत. इटलीतील इग्नात्सिओ पोरो याने १८५४ मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेवरून पोरो प्रकार आला. १८९४ मध्ये झाइस कंपनीने या लोलकांच्या दुर्बिणी विक्रीला आणल्या आणि पुढे शतकभर दुर्बीण म्हटले की डोळ्यांसमोर येणारा तो रुंद खांद्यांचा आकार रूढ झाला. दुसरा प्रकार रूफ लोलकांचा. त्यात नळे सरळ, सुटसुटीत असतात आणि आजच्या बहुतेक नव्या दुर्बिणी याच घडणीच्या आहेत. दिसायला रूफ दुर्बीण निःसंशय देखणी, आणि भेट म्हणून द्यायची तर तीच हातात घेतल्यावर शोभते. पण सारख्या किमतीत पोरोचे चित्र बहुधा सरस निघते, आणि त्याचे कारण लोलकातच आहे. पोरो लोलकाच्या सगळ्या पृष्ठांवरून प्रकाश पूर्णपणे परावर्तित होतो. सर्वसाधारण रूफ लोलकाच्या एका पृष्ठावरून तो तसा होत नाही, म्हणून त्या पृष्ठाला आरशासारखा मुलामा द्यावा लागतो; तो ॲल्युमिनियमचा असला तर प्रकाश अधिक घटतो, चांदीचा असला तर कमी, आणि अनेक थरांचा खास मुलामा असला तर फारच थोडा. त्याखेरीज छपरासारख्या दोन उतारांवरून आलेल्या किरणांचा मेळ बिघडून चित्राचा रेखीवपणा जातो, आणि तो परत आणण्यासाठी फेज कोटिंग लागते, जे झाइसने १९८८ मध्ये प्रथम आणले. पूर्वी ते महागड्या दुर्बिणींतच असे. आता मध्यम किमतीतही मिळते, पण सगळ्यात स्वस्त रूफ दुर्बिणींत ते नसतेच. त्यामुळे मी एक नियम करून घेतला: रूफ घ्यायची तर फेज कोटिंगचा स्पष्ट उल्लेख असलेली, नाही तर सरळ पोरो.

भिंगांवर दिलेल्या लेपाच्या, म्हणजे साध्या कोटिंगच्या बाबतीत शब्दांकडे फार बारकाईने पाहावे लागते. काचेच्या उघड्या पृष्ठावरून साधारण चार टक्के प्रकाश मागे फिरतो. एका नळ्यात अशी दहा पृष्ठे असली तर कोटिंगवाचून एकतृतीयांश प्रकाश वाटेतच गळतो, आणि गळलेला प्रकाश नळ्यात भटकून चित्रावर धुके पसरवतो ते निराळेच. एका थराच्या लेपाने हा परावर्तित प्रकाश दीड टक्क्यापर्यंत उतरतो, अनेक थरांच्या लेपाने अर्ध्या टक्क्याच्या खाली. अलेक्झांडर स्माकुला याने १९३५ मध्ये झाइसमध्ये हे तंत्र शोधले आणि आधुनिक दुर्बिणीचा उजळपणा मुख्यतः त्याच्यावर उभा आहे. खोक्यावर ‘कोटेड’ लिहिले असेल तर एखाद्या पृष्ठावर एक थर असला तरी ते खोटे ठरत नाही. ‘मल्टिकोटेड’ म्हणजे काही पृष्ठांवर अनेक थर. आणि ‘फुली मल्टिकोटेड’ म्हणजे हवा आणि काच जेथे जेथे भेटतात त्या सगळ्या पृष्ठांवर अनेक थर. मला हा शेवटचा शब्दप्रयोग हवा होता. पण छापलेल्या शब्दावर विसंबायचे नसेल तर पुढच्या भिंगात दिव्याचे प्रतिबिंब पाहावे. आत एकामागे एक अशी अनेक प्रतिबिंबे दिसतात. ती सगळी मंद हिरवी, जांभळी किंवा निळसर असली तर ठीक, त्यांत एखादे लख्ख पांढरे असले तर ते पृष्ठ कोरे राहिले आहे असे समजावे. माणकासारख्या लाल चमकणाऱ्या भिंगांचे आकर्षण अनेकांना वाटते. ती भिंगे तांबडा प्रकाश माघारी पाठवतात, म्हणून ती बाहेरून तांबडी दिसतात आणि आतले चित्र निळसर, फिकट पडते. पक्षी रंगावरून ओळखणाऱ्या माणसाला अशी दुर्बीण देणे म्हणजे त्याची थट्टा करण्यासारखे आहे.

येथपर्यंतचे सगळे कागदावर ठरले. पण मामांच्या चष्म्याचा प्रश्न कागदावर सुटत नव्हता. नेत्रभिंगापासून डोळा जास्तीत जास्त किती दूर असताना पूर्ण चित्र दिसते, त्या अंतराला आय रिलीफ म्हणतात. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण बारा ते चौदा मिलिमीटरवर असते, तेव्हा चष्मेवाल्यांना किमान पंधरा-सोळा मिलिमीटरचे आय रिलीफ लागते. छापलेला आकडा नेत्रभिंगाच्या काचेपासून मोजलेला असतो आणि ती काच रबरी कडेच्या आत खोल बसवलेली असते, त्यामुळे प्रत्यक्ष हाती येणारे अंतर काही मिलिमीटरने कमीच भरते, आणि किती कमी ते लावून पाहिल्याशिवाय कळत नाही. मला स्वतःला चष्मा नाही. म्हणून मी शून्य नंबरच्या काचांचा एक चष्मा मिळवला, मामांच्या चष्म्याएवढ्याच आकाराचा, आणि दुकानांत तो नाकावर ठेवूनच प्रत्येक दुर्बीण पाहिली. विक्रेत्यांना हा प्रकार विचित्र वाटला असणार. एकाने तर नम्रपणे चष्मा काढून पाहण्याची सूचनाही केली. पण सगळ्या शोधात या एका युक्तीइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच झाला नाही. चष्म्याविना मला सर्वांत आवडलेली एक पोरो दुर्बीण, जिचे चित्र तिच्या किमतीच्या मानाने फारच टवटवीत होते, ती चष्मा घालताच किल्लीच्या भोकातून पाहिल्यासारखी झाली. क्षेत्राचा कडेचा निम्मा भाग नाहीसाच झाला. माझ्यासाठी मी ती डोळे मिटून घेतली असती. मामांसाठी ती बाद.

दुकानात दुर्बीण काचेच्या खिडकीतून पाहायला सांगतात, ते शक्यतो टाळावे, कारण खिडकीची काच चित्र बिघडवते आणि दोष कोणाचा ते कळत नाही. मी दाराबाहेर जाऊन पाहण्याची परवानगी मागत असे आणि ती बहुधा मिळे. बाहेर आल्यावर आधी आभाळाच्या पार्श्वभूमीवर एखादी काळी फांदी किंवा तार पाहायची. तिच्या कडांना जांभळी-हिरवी किनार दिसते. बेताच्या किमतीत ती थोडी दिसणारच, पण चित्राच्या मध्यातही ती ठळक असेल तर दुर्बीण नको. मग सावलीतला एखादा कोपरा पाहायचा, कारण उन्हातली पाटी कोणत्याही दुर्बिणीतून छान दिसते आणि खरा फरक सावलीतच उमजतो. त्यानंतर दुर्बीण हातभर लांब धरून आभाळाकडे रोखायची आणि नेत्रभिंगातला उजळ गोल निरखायचा. तो स्वच्छ वाटोळा असला तर लोलकाची काच बरी आहे. कडा करड्या पडून तो चौकोनी भासू लागला तर लोलक बीके-७ या काचेचे आहेत असे धरायला हरकत नाही. बीएके-४ या काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५७, बीके-७ चा १.५२, आणि या थोड्याशा फरकामुळे कडेचे किरण बीके-७ मध्ये पुरते परावर्तित होत नाहीत.

या गोलावरच एक मोजमापही करता येते, आणि ते मी जवळ बाळगलेल्या मिलिमीटरच्या पट्टीने करत असे. नेत्रभिंगाशी बटर पेपरचा तुकडा धरून त्यावर पडलेला गोल मोजायचा आणि त्याला पटीने गुणायचे. एका दुर्बिणीवर १०×५० लिहिले होते. म्हणजे गोल पाच मिलिमीटरचा असायला हवा होता, पण तो जेमतेम चार भरला. याचा अर्थ पुढे पन्नासचे भिंग असले तरी आत कोठेतरी झापड बसवून चाळिसाइतकाच प्रकाश येऊ दिला होता. कडेचे दोष झाकण्याचा हा स्वस्तातला मार्ग आहे. पट्टीने मोजण्यात चूकभूल होते हे मान्य, पण पाचाच्या जागी चार ही पट्टीची चूक नव्हे.

सर्वांत जास्त वेळ मी दोन नळ्यांचा मेळ तपासण्यात घालवला. हान्स लिपर्शे याने १६०८ मध्ये दुर्बिणीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा नेदरलँड्सच्या राज्यकर्त्यांनी त्याच्याकडून दोन्ही डोळ्यांनी पाहता येईल असे उपकरण मागितले होते. म्हणजे दोन नळे तंतोतंत एका दिशेला रोखायचे, ही अडचण दुर्बिणीइतकीच जुनी आहे. स्वस्त दुर्बिणींत सर्वांत अधिक घोळ येथेच होतो. मेळ थोडा चुकला तरी आपले डोळे बिचारे ओढाताण करून दोन चित्रे जुळवून घेतात, म्हणून दुकानात दोन मिनिटांत काही जाणवत नाही. घरी अर्ध्या तासाने डोके दुखू लागते. तपासण्याची रीत सोपी आहे. दूरची एखादी आडवी रेघ, म्हणजे छपराची कड किंवा तार, फोकस करावी आणि दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू वीतभर लांब न्यावी. दोन्ही गोलांत ती रेघ एकाच उंचीवर राहिली पाहिजे. आडव्या दिशेतला किंचित फरक डोळे सोसतात, उभ्या दिशेतला फारसा सोसत नाहीत. दुसरी रीत अशी की एक डोळा काही क्षण मिटून मग उघडावा. उघडताच दोन चित्रे एकमेकांकडे झटक्याने सरकताना दिसली तर मेळ बिघडलेला आहे. एकाच नमुन्याच्या दोन नगांत या बाबतीत मला स्पष्ट फरक आढळला. त्यामुळे अमुक दुर्बीण चांगली असे ऐकून भागत नाही, हातात आलेला नग चांगला हवा.

उरलेल्या तपासण्या हाताच्या. एक नळा धरून ठेवला तर दुसरा आपोआप खाली पडता कामा नये, फोकसचे चाक मध्येच सैल किंवा घट्ट होता कामा नये, नेत्रभिंगांवर बोटाने हलकासा दाब दिला तर फोकस बदलता कामा नये. हा शेवटचा दोष स्वस्त पोरोंमध्ये सर्रास दिसतो, कारण त्यांत दोन्ही नेत्रभिंगे एका मधल्या पुलावर पुढेमागे होतात आणि तो पूल डुलतो.

मधल्या काळात जुन्या वापरलेल्या दुर्बिणीचाही विचार केला. त्याच रकमेत पूर्वीच्या काळची घसघशीत पोरो मिळू शकते, आणि काही जण अशा दुर्बिणींची शपथ घेतात. मात्र पुढच्या भिंगातून विजेरीचा झोत टाकून पाहिल्यावर आत बुरशीचे जाळे दिसणे, लोलक हललेले असणे, हे त्यांत नित्याचे; दुरुस्ती करणारे कारागीर विरळ. स्वतःसाठी हा जुगार खेळावा, भेटीसाठी नको, असे वाटून तो मार्ग सोडला. तळ्याकाठचे दव आणि अवचित पाऊस यांसाठी नायट्रोजन भरलेली, जलरोधक दुर्बीण हवी ही अट मात्र घातली, कारण कोंदट हवेत आतून धुके धरणे आणि पुढे बुरशी येणे यांवर तीच काय ती आडकाठी आहे. या अटीने बहुतेक स्वस्त पोरो दुर्बिणी गळाल्या.

अखेरीस दोन रूफ दुर्बिणी उरल्या, दोन्ही ८×४२, दोन्ही फेज कोटिंगच्या. एकीचे चित्र कडेपर्यंत रेखीव होते, पण तिचे फोकसचे चाक जड होते आणि शून्य नंबरच्या चष्म्यातून तिच्या क्षेत्राची कड थोडी कापली जात होती. दुसरीचे चित्र मध्यावर तितकेच उत्तम, कडेला मात्र मऊ. आय रिलीफ सतरा मिलिमीटर, चष्म्यातून पूर्ण क्षेत्र दिसणारे, चाक एका बोटाने फिरणारे आणि दोन मीटरवरचे फुलपाखरू स्पष्ट दाखवणारे. नुसते चित्र पाहून निर्णय करायचा असता तर पहिली जिंकली असती आणि एखाद्या जाणकाराने तीच सुचवली असती. चष्मा, कंप आणि फुलपाखरे यांनी कौल दुसरीला दिला. तिचे तीन नग उघडून मेळ तपासला आणि त्यांतला सर्वांत चांगला बांधून घेतला.

परत करण्याची मुदत हाती होती, तेव्हा भेट देण्याआधी मी ती घरी वापरून पाहिली. रात्री रस्त्यावरच्या दिव्याकडे रोखून आत भुताटकीसारखी प्रतिबिंबे उमटतात का ते बघितले. एखाददुसरे फिकट दिसले, त्रासदायक नव्हे. गच्चीच्या कठड्यावर कोपर टेकून गुरू पाहिला तेव्हा त्याच्या शेजारी ओळीने ठिपके दिसले. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत पाहिलेले ते चंद्र आठ पटीतही दिसतात, पण हात टेकलेला हवा. ठिपके ठिपक्यांसारखे दिसले, त्यांना शेपट्या फुटल्या नाहीत, म्हणजे चित्राचा मध्य खरोखर चांगला आहे याची ती पक्की पावती होती; दिवसाच्या कोणत्याही तपासणीपेक्षा तारा अधिक कठोर परीक्षक असतो.

दुर्बिणीबरोबर आलेला पट्टा अरुंद आणि काचणारा होता. थोडी रक्कम शिल्लक होती, तिच्यातून पाठीवर फुलीसारखा येणारा, भार मानेऐवजी दोन्ही खांद्यांवर वाटणारा पट्टा घेतला. मामांच्या मानेचा विचार करता हा खर्च दुर्बिणीइतकाच आवश्यक होता, आणि तो आधीपासून हिशेबात धरायला हवा असे मी भेट घेणाऱ्या कोणालाही सांगेन.

भेट दिल्यावर तासभर मामांजवळ बसून ती त्यांच्या डोळ्यांना लावून दिली. चष्मा असल्याने दोन्ही आयकप, म्हणजे नेत्रभिंगांभोवतीच्या रबरी कडा, खाली फिरवून ठेवायचे. पाहताना मान न झुकवता चष्म्याच्या वरच्या भागातून पाहायचे, कारण त्यांच्या चष्म्यात दूरचा नंबर तेथे आहे. उजव्या भिंगावर झाकण ठेवून डाव्या डोळ्याने मधल्या चाकावर फोकस करायचा, मग झाकण डावीकडे ठेवून उजव्या डोळ्यासाठी डायॉप्टरचे कडे फिरवायचे, आणि ते जेथे जुळेल ती जागा लक्षात ठेवून पुन्हा त्याला हात लावायचा नाही. हे शेवटचे काम फार जण करतच नाहीत आणि मग दुर्बिणीला नावे ठेवतात. मामांनी त्या जागी नेलपॉलिशचा बारीक ठिपका लावून घेतला, म्हणजे कडे चुकून फिरले तरी परत आणता येईल. ही कल्पना मामींची. सूर्याच्या जवळपास दुर्बीण कधीही वळवायची नाही, हे मी त्यांच्याकडून मोठ्याने वदवून घेतले. ओल्या दिवसांत ती डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवायची आणि भिंग पुसण्याआधी त्यावरची धूळ फुंकणीने उडवायची, एवढेच जतनाचे सांगितले.

पंधरवड्यानंतर त्यांचा फोन आला. चित्र कडेला अंधूक होते, हा दुर्बिणीचा दोष आहे की चष्म्याचा, असे त्यांनी विचारले. दुर्बिणीचा, असे मी सांगितले, आणि कड रेखीव असलेली दुसरी दुर्बीण तेवढ्याच पैशांत होती पण तिच्यात चष्म्यातून पूर्ण क्षेत्र दिसत नव्हते, हेही सांगितले. त्यांनी दोन्हींचे आय रिलीफ किती होते ते विचारून घेतले, थोडा विचार केला आणि मग खंड्या कसा पाहिला ते सांगायला लागले.